धुळीमागचा मध्य

दिवाळीच्या सुमारास ज्वारी भरली की बाप जागलीवर जायचा. वावर दुसऱ्याचं, जागल आमची. अकोल्याकडचं आमचं गाव. मी त्याच्यासोबत माळ्यावर उताणा पडायचो. डोक्यावर दुधी पट्टा.

"बाबा, हे पांढरं काय हाय?"

"गंगा. देवाची म्हनते लोकं."

गावच्या विहिरीवर माय लांब उभी राहायची, कुणी वरून ओतेस्तोवर. म्हणून मी इचारलं, "मंग थिच्यातलं पानी आपल्याले भरू देतीन काय?"

बाप बोलला नाही. गोफणीत दगड घातला अन् अंधारात भिरकावला.

पुढे अमरावतीला शिकायला आलो. वाचनालयात खगोलाचं पुस्तक हाती लागलं. कळलं, ती गंगा नाही. गॅलिलिओनं १६१० मध्येच सांगितलं होतं, तो पट्टा म्हणजे असंख्य तारे. मग या ताऱ्यांच्या वस्तीत आपला सूर्य कुठं? हर्शेलनं १७८५ मध्ये दिशादिशांचे तारे मोजले अन् सूर्य जवळपास मध्यावर ठेवला. विसाव्या शतकात कॅप्टाइनही तेच सांगत राहिला. माणसं खोटी नव्हती, मोजणीही प्रामाणिक. पण मधे धूळ होती. धुक्यात उभ्या माणसाला चहूकडे सारखंच दिसतं, अन् वाटतं आपणच मधोमध!

हार्लो शॅप्लीनं नजर पट्ट्याच्या वर-खाली नेली, जिथं धूळ विरळ. तिथले गोलाकार तारकागुच्छ धनू राशीच्या बाजूला गर्दी करून होते. १९१८ मध्ये तो म्हणाला, मध्य तिकडं आहे, आपण त्यापासून दूर. अंतर मात्र त्यानं जास्त धरलं. ताऱ्यांचा उजेड धूळ किती खाते, ते ट्रम्पलरनं १९३० मध्ये दाखवलं. आज ते अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षं धरतात.

मोजायचा गज कुणी दिला? हेन्रिएटा लेव्हिट या बाईनं. हार्वर्डच्या वेधशाळेत बायांना दुर्बिणीला हात लावू देत नसत. काचेवरची छायाचित्रं तपासायची, मजुरी तुटपुंजी. काही ताऱ्यांचा उजेड ठरावीक दिवसांनी कमीजास्त होतो. हा फेरा जितका लांब, तितका तारा मुळात तेजस्वी, हे तिनं १९१२ मध्ये मांडलं. असाच तारा १९२३ मध्ये हबलला देवयानीच्या तेजोमेघात सापडला. तिच्याच गजानं ठरलं, की ती वेगळीच आकाशगंगा. म्हणजे आपली एकटी नाही, अनेकींतली एक.

रेडिओलहरींना ही धूळ अडवत नाही. हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची लहर १९५१ मध्ये पकडली गेली, अन् आकाशगंगेचे सर्पिल हात उलगडत गेले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आज हायड्रोजनच्या अशा लहरीही टिपतात.

बाप आता नाही. गेल्या वैशाखात लेकीला घेऊन गावी गेलो. अकोल्याच्या दिव्यांत पट्टा दिसत नाही, वावरात अजून दिसतो. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला धनू वर आली. तिथं पट्टा मधोमध काळा चिरलेला.

"थे काळं काय हाय, बाबा?"

"धूळ. तिच्या मांगं मध्य हाय."

"मंग आपून कुठीसा?"

"लांब, कडेले," मी म्हटलं. "सारेच. गावासकट, विहिरीसकट, पाटलाच्या वाड्यासकट."