टायटलमधून मी विठ्ठलवाडी कापली

‘जीन्स होलसेल उल्हासनगर अंबरनाथ बदलापूर कल्याण स्वस्त जीन्स’. उल्हासनगरच्या कॅम्प 5 मधल्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटला मी दिलेलं हे टायटल. दुकान एकच, तेही कॅम्प 5 मध्ये. बाकीची गावं मी पदरची घातली होती.

गुगलवर काही शोधलं की जी मोठी ओळ दिसते ती टायटल, आणि तिच्याखालचा बारीक मजकूर म्हणजे डिस्क्रिप्शन. हे सगळं गुगलला खूश करण्यासाठी लिहायचं, अशी माझी पक्की समजूत. गावं जितकी जास्त, तितकं दुकान वर. अंबरनाथचं रोमन स्पेलिंग कुणी ‘ए’ घालून करतं, कुणी ‘ई’, म्हणून मी दोन्ही कोंबायचो. कीवर्डच्या टॅगमध्ये तर अख्खी यादीच. क्रम लावताना तो टॅग आपण बघतच नाही, हे गुगलने 2009 मध्येच सांगून टाकलं होतं. मी मात्र त्याचे पैसे वेगळे लावत होतो.

एसी दुरुस्तीच्या एका कामात तर कहर केला. एकच पान तीनदा छापलं. फक्त उल्हासनगरच्या जागी अंबरनाथ, मग बदलापूर. अशी नुसती गाव बदललेली पानं गुगलच्या लेखी स्पॅम असतात आणि 2015 पासून त्यांच्याविरुद्धचे नियम आणखी कडक झाले आहेत. ती पानं शोधात कुठे दिसेनात, तेव्हा मी गिऱ्हाइकाला ‘अजून थोडा वेळ लागेल’ म्हणत राहिलो.

पण खरं नुकसान केलं ते जीन्सवाल्याचं. डिस्क्रिप्शनमध्ये मी लिहिलं होतं, ‘होलसेल भावात जीन्स, आजच या’. हा माणूस फक्त सेटमध्ये माल देतो: 28, 30, 32, 34, 36, पाच साइजचे पाच पीस. सुटा पीस नाही. क्लिक वाढल्या, फोन वाढले, मी रिपोर्टमध्ये आलेख चढता दाखवला. लोक बदलापूरहून एका पँटसाठी यायचे आणि दुकानातल्या पोरांशी भांडून जायचे. शेटजींनी मला बोलावून घेतलं. “साईं, फोन तो बहुत आते हैं, माल कौन लेता है?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यात एकच डिस्क्रिप्शन मी सगळ्या पानांना चिकटवलं होतं. दिलेला मजकूर शोधाला जुळत नसेल तर गुगल पानातलाच एखादा तुकडा उचलतं. आमच्या वाट्याला आलं ते तळाचं वाक्य: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. दुकानाच्या नावाखाली कित्येक दिवस तेच झळकत होतं, आणि मी स्वतः कधी फोनवर शोधून पाहिलं नव्हतं.

मराठी टायटलात आणखी वेगळी गंमत. साठ अक्षरांच्या पुढे जायचं नाही, हा नियम मी कुठूनसा उचलला होता. मोजणीचं साधन काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजतं. ‘विठ्ठलवाडी’ डोळ्याला पाच अक्षरं, साधनाला दहा. गुगल टायटल कापतं ते अक्षरं मोजून नव्हे, पडद्यावर जागा किती उरते ते बघून. मी मात्र आकडा साठच्या आत आणायला ‘विठ्ठलवाडी’ उडवली आणि ‘स्वस्त’ ठेवलं. कॅम्प 1 ला जायला स्टेशन शहाड, कॅम्प 5 ला विठ्ठलवाडी. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तो उल्हासनगर स्टेशनला उतरायचा आणि तिथून फोन करायचा.

आता तिथे आहे: ‘जीन्स होलसेल, फक्त सेटमध्ये – कॅम्प 5, उल्हासनगर’. खाली: ‘साइज 28 ते 36, सेटला पाच पीस. सुटा पीस मिळत नाही. विठ्ठलवाडी स्टेशनवरून रिक्षा.’ फोन बरेच कमी झाले. जे येतात ते सेटचा भाव विचारतात.

बदलापुरात क्लास, दवाखाना, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्यांना एक विनंती. टायटलमध्ये ‘नंबर वन’ लिहायला जागा असेल तर तिथे आधी पूर्व की पश्चिम ते लिहा.