परीक्षकांकडे पाठ

वर्धा जिल्ह्यात राहून बर्फावरच्या खेळाविषयी लिहिणे थोडे हास्यास्पद आहे, याची मला जाणीव आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याने तरटात गुंडाळून ठेवलेली लादी. तरीही जून २०२४ मध्ये, सारा जिल्हा पेरणीसाठी आभाळाकडे पाहत असताना, एका बातमीने माझे लक्ष वेधले. फिगर स्केटिंगमध्ये मागे कोलांटउडी घेण्यावर सत्तरच्या दशकापासून असलेली बंदी आंतरराष्ट्रीय संघटनेने उठवली होती. त्या निमित्ताने सुर्या बोनाली या फ्रेंच स्केटरचे १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधील चित्रण मी पाहिले, आणि माझ्याच एका जुन्या गुणपत्रिकेची आठवण जागी झाली.

बोनालीचा जन्म १९७३ चा, नीस शहरातला. एका गोऱ्या दांपत्याने या कृष्णवर्णीय मुलीला दत्तक घेतले. आई शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. मुलगी आधी जिम्नॅस्टिक्समध्ये रमली, मग बर्फावर आली. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे ती युरोपची विजेती होती. जागतिक स्पर्धेत मात्र १९९३, १९९४ आणि १९९५ अशी तीनही वर्षे रौप्यपदकच तिच्या वाट्याला आले. १९९४ साली जपानमधील चिबा येथे अवघ्या एका परीक्षकाच्या मताने सुवर्ण हुकले. पाच विरुद्ध चार. तेव्हा तिने गळ्यात घातलेले पदक काढून टाकले आणि प्रेक्षकांचा रोष ओढवून घेतला.

त्या काळी प्रत्येक परीक्षक दोन गुण देई: एक तंत्राचा, दुसरा कलात्मक प्रभावाचा. उड्या मोजता येतात. लालित्य मोजायचे कशाने? बोनालीविषयी ‘ताकदवान’, ‘कसरतपटू’ अशी विशेषणे वापरली जात. वरवर पाहता ही स्तुतीच होती, पण तिच्यातच ‘कलावंत नव्हे’ हा निवाडा दडलेला असे. परीक्षक सर्वस्वी चुकीचे होते, असेही म्हणता येत नाही. तिच्या उड्यांच्या फिरक्या काही वेळा अपुऱ्या राहत आणि बर्फावरची घसरण इतरांइतकी सलग नसे. परंतु सलगपणाच्या त्या कल्पनेत नाजूक, गौरांग राजकन्येची एक प्रतिमा आधीच बसलेली होती, हेही तितकेच खरे.

मराठीच्या अध्यापकाला ही भाषा परकी वाटू नये. ‘अनुभव अस्सल, अभिव्यक्ती कच्ची’ हा शेरा आपल्या समीक्षेने ग्रामीण आणि दलित लेखनावर किती काळ मारला! तो मीही मारलेला आहे.

२००६ ची गोष्ट. त्या वर्षी आत्महत्याग्रस्त म्हणून केंद्राने विशेष मदत जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वर्धा होता. एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत ‘शेतकरी’ हाच विषय होता आणि तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. आमच्यापुढच्या तक्त्यात रकाने होते: विषयप्रतिपादन, भाषाशुद्धी, सादरीकरण. सातव्या क्रमांकाची मुलगी आर्वीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली. पहिली दोन मिनिटे ती पाठ केलेले प्रमाण मराठीतले भाषण म्हणाली. मग अडखळली, थांबली, आणि एकदम घरच्या बोलीत सुरू झाली. ‘आमच्या घरात कापूस भरून हाये, मानसाले निजाले जागा नाई.’ भाव वाढेल या आशेने न विकलेल्या कापसाच्या गंजीवर भावंडे कशी झोपतात, हे ती सांगत राहिली. सभागृहातली कुजबुज थांबली होती. माझीही लेखणी थांबली होती, आणि तरीही मी ‘भाषाशुद्धी’च्या रकान्यात वीसपैकी अकरा लिहिले. ती एका गुणाने दुसरी आली.

नागानोत बोनाली पंचविशीच्या उंबरठ्यावर होती. टाचेच्या शिरेच्या जुन्या दुखापतीमुळे सारी पदके आवाक्याबाहेर गेली होती. विवाल्दीच्या ‘चार ऋतूं’वर तिचा कार्यक्रम चालू होता. मधेच तिने ती निषिद्ध कोलांटउडी घेतली आणि एकाच पायावर उतरली. उडी एका पायावर पूर्ण व्हावी, हे तर या खेळाचे मूलतत्त्व. कोलांटउडी दोन पायांवर उतरते, असाही एक आक्षेप त्या बंदीमागे होता; तिने तो तिथेच खोडून काढला. परीक्षकांनी नियमाप्रमाणे गुण कापले. शेवटी तिने त्यांच्याकडे पाठ करून प्रेक्षकांना अभिवादन केले. ती दहावी आली.

नियम पाळणाऱ्या परीक्षकाला दोष कसा द्यावा, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. तक्ता नसेल तर मर्जी उरते, आणि मर्जी तक्त्याहून वाईट. पण नियम मोडला गेला, त्या क्षणी समोर काय घडले, हे पाहण्याचे काम तक्ता आपल्या वतीने करत नाही. त्या दिवशी मी ते पाहिले होते. पाहूनही अकरा लिहिले, याची बोच आहे.

त्या मुलीने कोणाकडेही पाठ केली नाही. प्रमाणपत्र घेतले, तिघांनाही वाकून नमस्कार केला आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून घाईने निघून गेली. २०२४ च्या बदलाने नागानोच्या निकालात काही फरक पडला नाही. माझ्या तक्त्यातही आता पडणार नाही. तिला भेटून निदान एवढे सांगावे, असे अनेकदा मनात आले. पण परीक्षकांना स्पर्धकांची नावे दिली जात नसत. माझ्याजवळ तिचा फक्त क्रमांक आहे. सात.