बाबांची शाळेची वाट

पणजीला पाहुणे आले की हल्ली एकच फर्माईश असते, ‘आम्हाला फोंतेन्हास दाखवा.’ रंगीत घरांपुढे फोटो काढायचे, कुठेतरी कॉफी घ्यायची आणि परत. मीही वर्षानुवर्षं पाहुण्यांना एवढंच दाखवत आले. मागच्या डिसेंबरात मात्र बाबांबरोबर हा भाग पायी फिरले, आणि आपण बघत होतो तो नुसता डोंगराचा पायथा, हे लक्षात आलं.

बाबा वाढले ते फोंतेन्हासला लागून असलेल्या मळ्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. शाळा मुष्टिफंड, म्हणजे आल्तिनोच्या डोंगरापलीकडे, महालक्ष्मीच्या देवळाजवळ. मे महिन्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी बाबा फाटकाबाहेर पडेनात. ‘मला कुठे जायचंय आता?’ हे ठरलेलं उत्तर. मग एका शनिवारी रात्री जेवताना आपणहून म्हणाले, ‘उद्या शाळेच्या वाटेने जाऊन येऊ या का?’

सकाळी सातला चर्चसमोरच्या बागेपासून निघालो. हे चर्च पणजीची ओळखच आहे. इथे 1541 साली लहान चॅपल होतं, आजची इमारत 1619 ची. समोरच्या नागमोडी पायऱ्या नंतरच्या. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, 1871 मध्ये ती इथे बसवली. पायऱ्या आम्ही खालूनच पाहिल्या. बाबा म्हणाले, ‘शक्ती जपून वापरायची आहे.’

चर्चच्या बाजूने रस्ता चढतो, टेकडीचा खांदा ओलांडतो आणि फोंतेन्हासमध्ये उतरतो. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरं, रस्त्यावर झुकलेल्या गॅलऱ्या. इथल्या एका रस्त्याचं नाव ‘31 जानेवारी’. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात 1891 साली राजेशाहीविरुद्ध उठाव झाला, त्याची ही तारीख. राजधानी अधिकृतपणे पणजीला आली 1843 मध्ये. जुन्या गोव्यातून माणसं आली, तशा वस्तूही आल्या. इथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमधला क्रूस मूळचा तिथल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. मधली बरीच वर्षं तो पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे मिटलेले नाहीत, सताड उघडे आहेत. एकदा पाहिले की विसरत नाहीत.

फोंतेन्हास या नावाचा अर्थ लहान लहान झरे. ‘फोंत’ म्हणजे झर. डोंगर पावसाचं पाणी मुरवून घेतो आणि पायथ्याशी सोडतो, म्हणून इथे वस्ती झाली. मळ्याच्या बाजूला फेनिक्स झर आहे. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. उन्हाळ्यात घरचा नळ रुसला की आजी त्यांना कळशी घेऊन इथे पाठवायची. ‘रांगेत मराठी, कोंकणी, पोर्तुगीज सगळं ऐकू यायचं. भांडणं मात्र कोंकणीतच व्हायची!’

पुढे मळ्यातला मारुती. देऊळ डोंगराच्या अंगावर, त्यामुळे दर्शनाला पायऱ्या चढणं आलंच. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला मंत्र बाबा पुटपुटत होते, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.’ वर पोचेपर्यंत सदरा भिजला होता. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही इथेच बसा, मी गाडी आणते.’ फोनवरचा नकाशाही डोंगराला वळसा घालणारा रस्ता दाखवत होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘हा गाडीवाल्यांचा रस्ता,’ म्हणाले आणि उठले.

आल्तिनोवर पोचलं की शहराचा आवाज खालीच राहतो. मोठे वृक्ष, जुने बंगले, आकाशवाणी केंद्र, आर्चबिशपांचा वाडा. 1986 च्या भेटीत पोप जॉन पॉल दुसरे याच वाड्यात उतरले होते. बाबांना मात्र त्यात रस नव्हता. कुठल्या कुंपणावरून कैऱ्या पाडायचे आणि कुठला कुत्रा मागे लागायचा, तेवढंच ते दाखवत होते. आठ महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते.

खरी परीक्षा उतारावर झाली. चढताना दम लागतो, उतरताना भीती वाटते. अर्ध्यावर ते थांबले आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी काठी द्या, हात द्या, काहीही घ्यायचे नाहीत. मीही बोलले नाही, फक्त पावलं लहान केली.

खाली महालक्ष्मीचं देऊळ आहे, 1818 चं. पोर्तुगीज अमदानीत पणजीत परवानगी मिळालेलं हे पहिलं हिंदू देऊळ. जवळच मुष्टिफंड, 1908 पासूनची संस्था. घरोघरच्या मूठमूठ तांदळातून शाळा उभी राहिली, त्यावरून हे नाव. रविवार असल्यामुळे फाटक बंद होतं. बाबांनी घड्याळ पाहिलं. ‘मारुतीपासून पन्नास मिनिटं. तेव्हा पंधरा लागायची.’ मग हसून म्हणाले, ‘आज छडी पक्की होती.’

तुम्हीही ही फेरी जरूर करा. अंतर जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, पण चढउतार आहे. रमतगमत दोन तास लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हं चढायच्या आत निघा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला पकड असलेल्या घाला. चॅपल आतून पाहायचं असेल तर प्रार्थनेची वेळ विचारून जा. आणि फोंतेन्हासमध्ये कुणाच्या दारात, खिडकीत उभं राहून फोटो काढू नका. आत माणसं राहतात, त्यांच्या घरी सकाळचा चहा चाललेला असतो.

बाबा आता दर रविवारी मारुतीपर्यंत जातात. मागच्या खेपेला आल्तिनोच्या उतारावर खांदा पुढे केला, तर म्हणाले, ‘राहू दे, लागला तर सांगतो.’