‘म्हाताऱ्या’ भोपळ्याची वडी

वाचकहो, कोरियाच्या राजधानीत, सेऊलला, कधी जाणे झाले तर जोंग्नो भागातील तापगोल उद्यानापाशी थोडे थांबावे. १ मार्च १९१९ रोजी कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा येथे वाचला गेला. पुढे हे उद्यान शहरातील वृद्धांच्या भेटीगाठींचे ठिकाण म्हणून ओळखले जाऊ लागले. शेजारच्या नाग्वोन-दोंग वस्तीत ‘तॉक’ची, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांची, जुनी दुकाने आहेत. त्यांतील पिवळसर वडी भोपळ्याची.

पिकलेल्या भोपळ्याला कोरियन भाषेत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘म्हातारा भोपळा’. त्यात अवहेलना मुळीच नाही. कोवळा भोपळा भाजीपुरता, गोडी म्हाताऱ्याची! शरदात त्याच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवतात आणि पुढे भिजवून पिठात मिसळतात. ताज्या भोपळ्याचा वाफवलेला गरही चालतो.

मोदक वळणाऱ्या हातांना ही कृती परकी वाटणार नाही; फक्त येथे उकड काढत नाहीत. रात्रभर भिजवलेले तांदूळ निथळून दळावेत, मीठ घालून त्यात गर चोळावा. ओलावा मुठीने ठरतो. पिठाची मूठ वळून तळहातावर हलकेच उडवावी. ती फुटली नाही, तर पीठ योग्य झाले. मग दोनदा चाळावे आणि साखर शेवटी घालावी. तळाला भोके असलेल्या ‘सिरु’ नावाच्या मातीच्या भांड्यात पीठ न दाबता पसरतात, कारण दाबलेल्या पिठातून वाफ वर चढत नाही. सिरु आणि खालचे पाण्याचे पातेले यांच्या सांध्याला पिठाच्या गोळ्याची पट्टी लिंपतात. घरी मोदकपात्र आणि ओले फडके पुरेसे आहे. २० ते २५ मिनिटे वाफ द्यावी, आच बंद करून ५ मिनिटे झाकून ठेवावे.

घरात वृद्ध असतील तर तांदूळ कोणता, हे आधी पाहावे. चिकट तांदळाचे तॉक चिवट असते आणि घशात अडकू शकते. त्याने श्वास कोंडून वृद्ध दगावल्याच्या घटना कोरियात घडल्या आहेत. साध्या तांदळाची ‘सॉल्गी’ भुसभुशीत असते. तीही ताजी, उबदार, लहान तुकड्यांत द्यावी. बसून, सावकाश, मध्ये पाण्याचा घोट घेत खाऊ द्यावी. पक्षाघात वा कंपवातामुळे गिळण्यास त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही देऊ नये. मधुमेहींनी रंगावर भुलू नये. भोपळा असला तरी वडी तांदूळ-साखरेचीच. उरलेली वडी फ्रिजच्या साध्या कप्प्यात दगडासारखी होते. ती गोठवून ठेवावी आणि खाण्यापूर्वी पुन्हा वाफवावी.

दुकानात एक शब्द उपयोगी पडेल: ‘मेप्साल’, म्हणजे साधा तांदूळ. उत्तर ‘चाप्साल’ आले, तर तो चिकट तांदूळ. आजोबांसाठी ती वडी घेऊ नये.