चांदीपुरा

गावाचे नाव कशामुळे जगात जाईल, हे गावाच्या हाती नसते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाचे नाव जिजाऊंमुळे झाले, शेगावचे गजानन महाराजांमुळे, आणि लोणारचे आभाळातून पडलेल्या एका धोंड्यामुळे. पण आमच्याच विदर्भातल्या चांदीपुऱ्याच्या वाट्याला काय यावे? एक विषाणू!

१९६५ साली नागपूरकडे तापाची साथ होती. दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवाच विषाणू सापडला, आणि त्याला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. मग २००३ साली आंध्रात ३२९ मुले आजारी पडली. त्यांतली १८३ दगावली. काल अंगणात खेळणारे मूल ताप, झटके, बेशुद्धी अशा पायऱ्या उतरत आज नाहीसे होई. ही मेंदूची सूज, की मेंदूतल्या रक्तवाहिनीला बसलेला तडाखा, यावर डॉक्टरांतही वाद झाला. पुण्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बंदुकीच्या गोळीसारखे कण दिसले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा विषाणू याच कुळातला. मिलिमीटरभर जागेत असे सहा हजारांवर कण एका रांगेत मावतील! साधा उजेड जिथे जाड पडतो, तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत लागतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा धाकटा भाऊ असाच एका रात्रीत गेला. कोणत्या रोगाने, ते कधी कळले नाही. गावाला मात्र लगेच कळले! आईने लेकराला तिन्हीसांजेला पिंपळाखालून आणले, असे ठरले. त्यानंतर ती बाई मान वर करून कुणाशी बोलल्याचे मला आठवत नाही.

त्या यंत्राचे मोल मला वाटते ते यासाठी. गेलेले मूल ते परत देत नाही. या रोगावर अजून नेमके औषधही नाही. पण खरा वैरी दिसला, की आईकडे रोखलेले बोट खाली येते.

हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी डासाहूनही लहान. मातीच्या भिंतींच्या भेगांत, ओलसर सांदीत ती राहते. दिवाळीआधी आपल्याकडे भिंती लिंपतात, भेगा बुजवतात, उकिरडा दूर सारतात. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा करावे. साथ येते ती त्याच दिवसांत. आणि कुणाचे लेकरू गेलेच, तर त्या माउलीपाशी मुकाट्याने जाऊन बसावे. तिला काही विचारू नये.