कूलर काढताना

अकोला-अमरावतीत पारा 45च्या वर जातो, म्हणून महावीर जयंतीआधीच मी कूलर काढते. आठ महिने पडून राहिलेली पंपाची मोटर लगेच भंगारात देऊ नये. प्लग काढून चक्री बोटाने फिरवावी. क्षाराने अडकली असेल तर लिंबाच्या पाण्याने साफ करावी. पंप कोरडा चालवू नये. पत्र्याच्या कूलरची अर्थिंग आधी तपासून घ्यावी, घरात लेकरं असतात. जुन्या ताट्या अंगणात हळूच झटकाव्या, कोळी-पाली निघून जातात.

डासांसाठी घरचे म्हणतात, टाकीत रॉकेल टाक. पण अंडी फुटायला दोन-तीन दिवस लागतात. मी गाळलेलं पाणी लागेल तेवढंच भरते, सकाळी उरलेलं झाडांना घालते, टाकी पुसून कोरडी करते. जीव उपजलाच नाही, तर मारायचा प्रश्नच येत नाही. हीच जयणा.