रिकाम्या कक्षातील वेग

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो अखेरचा दिवस होता. वसतिगृहाच्या संगणक कक्षात वीस मुली दाखल्यांच्या प्रती पाठवीत बसल्या होत्या आणि पडद्यावर पान सरकत नव्हते. जोडणी बसवणाऱ्या गृहस्थांनी कक्ष रिकामा असताना ‘पिंग’ करून दाखवले होते : संदेश जाऊन उत्तर यायला वीस मिलिसेकंद. तसे त्यांनी लिहूनही दिले. मी इतिहासाचा शिक्षक. लिहिलेला कागद सहसा तपासल्याशिवाय मानत नाही. तो मानला. दोघींचे अर्ज राहिले.

पुढे आमचाच एक माजी विद्यार्थी सुटीत आला. त्याने विसाही यंत्रांवरून एकदम मोठ्या फायली पाठवायला लावल्या आणि मग पिंग चालवले. उत्तराला दीड सेकंद लागला. माझे बालपण लकडगंजातले. वखारीकडे वळणारा लाकडाचा ट्रक अडला की मागची सायकलही थांबते, हे मला कोणी शिकवायला नको होते. तरी रिकाम्या रस्त्यावरचा वेग मी खरा धरला.

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. बाहेर जाणारी पॅकेटे तो रांगेत उभी करतो. वाटेतला राउटरही तेच करतो. मेमरी स्वस्त झाली तशा या रांगा लांबल्या. पॅकेट गळत नाही, नुसते तिष्ठते. त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दीची वार्ता उशिरा पोचते आणि तो वेग कमी करीत नाही. या दुखण्याला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ म्हटले. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ मांडले. ते रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेट किती वेळ तिष्ठले ते पाहते. हा वेळ शंभर मिलिसेकंदांत एकदाही पाचाच्या खाली उतरला नाही, तर पॅकेटे टाकू लागते. त्याच वर्षी ते लिनक्सच्या 3.5 आवृत्तीत आले. प्रत्येक प्रवाहाला निराळी रांग देणारा ‘एफक्यू-कोडेल’ही सोबत आला.

आमची जोडणी एका जुन्या लिनक्स यंत्रातून जाते. मुलाने तिथे वेग क्षमतेहून किंचित कमी ठेवला, म्हणजे रांग परक्या पेटीत न लागता आमच्याकडे लागावी, आणि एफक्यू-कोडेल सुरू केले. तोच भार, पुन्हा मोजणी : पन्नासच्या आत. सरासरी मात्र त्याने सांगितली नाही; शंभरांतले नव्याण्णवावे उत्तर कधी आले, ते सांगितले. सरासरीत मागे राहिलेला दिसत नाही, हे जनगणनेचे तक्ते वाचताना मी वर्गात किती वेळा बोललो असेन!

त्या दोघींपैकी एकीने पुढल्या वर्षी अर्ज भरला. दुसरी तोवर शाळा सोडून गेली होती. आता अर्जांच्या आठवड्यापूर्वी मी कक्ष भरवतो, विसाही यंत्रांना कामाला लावतो आणि पिंगचा सर्वांत मोठा आकडा फळ्यावर लिहितो.